बुजवलेलं भोक

ओयसारा वहिनीला राग विसरता येत नाही. खरं तर कुणालाच येत नाही, पण बाकीची माणसं निदान विसरल्याचं सोंग तरी करतात. रोज मळलेल्या पिठातला मूठभर गोळा ती खमीर म्हणून उद्यासाठी झाकून ठेवते, आणि रागाचंही तिचं तसंच चालतं. आजच्यातला थोडा उद्याला. हे मी कौतुकाने सांगत नाही आणि निंदेनेही नाही. मी तिची नणंद आहे, आणि माझंही खमीर काही कमी आंबट नाही.

माझं नाव हमरो. लग्न झालं, चार वर्षं टिकलं, मग नुरोताला, आमच्या गावी, दादाच्या घरी परत आले ती आलेच. होलमत दादा ट्रक चालवायचा आणि वहिनी महल्ल्याची नानवाली. ती पीठ मळते, मी तंदूर पेटवते. ती नान थापून त्याच्या मधोमध खिळ्यांचा ठसा मारते, मी तंदुरात वाकून तो आतल्या भिंतीला चिकटवते. माझ्या उजव्या हातावर कोपरापर्यंत एक केस उरलेला नाही. आमच्या ठशाला आठ पाकळ्या आहेत. नुरोतात कुणालाही आठ पाकळ्या दाखवा, तो सांगेल, ओयसाराचा नान.

घरात चौथा होता पोलवोन. पोलवोन म्हणजे पहिलवान, पण आमचा पोलवोन कासव आहे. वीस वर्षांपूर्वी वाळवंटातल्या रस्त्यात तो दादाच्या ट्रकपुढे येऊन बसला आणि हटेना, म्हणून दादाने त्याला टोपीत घालून घरी आणला. दादा-वहिनीला मूलबाळ झालं नाही. त्यावरून लोक जे बोलायचं ते बोलले, आणि कोण कधी काय बोललं ते वहिनीने सगळं जपून ठेवलंय.

आमच्या आणि शेजारच्या कुम्री आपाच्या अंगणामध्ये मातीची भिंत आहे. ती दादाने बांधली, तेव्हा तळाशी टोपीएवढं भोक ठेवलं. पोलवोनसाठी. आमच्या अंगणात तंदूर, सरपण आणि पायांनी तुडवून कडक झालेली जमीन, गवताचं पातं औषधालाही नाही. कुम्री आपाकडे विहीर, द्राक्षाचा मांडव, जर्दाळूची झाडं आणि त्यांच्याखाली हिरवंगार तण. पोलवोन सकाळी भोकातून पलीकडे जायचा, ऊन उतरलं की परत यायचा. मधल्या वेळात आपाचा आवाज ऐकू यायचा.

"होलमत! तुझ्या या दगडाने पुन्हा माझी रोपं खाल्ली! एक दिवस रस्सा करीन याचा!"

"मीठ बेताचं घाल, आपा," दादा इकडून ओरडायचा.

थंडी आली की तो तिच्याच जर्दाळूखाली माती उकरून झोपी जायचा आणि मार्चमध्ये मातीने माखलेला परत यायचा. हे सगळं इतकं रोजचं होतं की कुणी त्याचा विचार केला नाही.

दोन वर्षांपूर्वी, पानगळीत, दादा गेला. चाळिसाव्याला, म्हणजे मरणानंतरच्या चाळिसाव्या दिवशी, सगळा महल्ला जेवायला होता. लोक म्हणाले, नान बाजारातून आणू. वहिनी ऐकेना. "त्याच्या नावाचा नान मीच करणार." मीही रडून रडून अर्धमेली झाले होते, पण दोघी उठलो आणि केलं. बायकांच्या पंगतीत कुम्री आपाने नान मोडला, आत बघितलं, आणि भर बायकांत म्हणाली, "ओयसारा, मधोमध कच्चा आहे गं."

बस, एवढंच. पण नानवालीला, आणि तेही नवऱ्याच्या चाळिसाव्याला! वहिनीने मान वर केली नाही. दुसऱ्या सकाळी तिने विटा आणल्या, माती कालवायला मला लावली, आणि दादाने ठेवलेलं ते भोक गच्च बुजवून टाकलं. वरून हाताने लिंपून गुळगुळीत केलं.

"या घरातलं काही आता त्या घरात जायचं नाही," ती म्हणाली. "माणूस नाही, नान नाही, कासव नाही."

मला फार बरं वाटलं.

मग पोलवोनचे लाड सुरू झाले. नान आमच्यात टाकत नाहीत. खाली पडलेला तुकडा उचलून कपाळाला लावायचा आणि उंचावर ठेवायचा, शिळा झाला तर जनावराला घालायचा. आमच्याकडे जनावर एकच. त्याला सकाळ-संध्याकाळ दुधात भिजवलेला नान मिळायला लागला, वर साखर. थंडीत वहिनीने त्याला झोपूही दिलं नाही. तंदुरामागच्या कोपऱ्यात पोतं घातलं, त्यावर त्याला बसवलं आणि तिथेही नान भरवला. दादाच्या मागे तिच्याजवळ एवढंच उरलं होतं. तो खायला लागला की ती कामधाम सोडून बघत बसायची.

भोक बुजवल्यावर आठवड्याभरात भिंतीवरून तण पडायला लागलं. उपटलेलं, मुळासकट, मातीसकट. हिवाळ्याचे महिने सोडले तर रोज सकाळी.

"बघ हिची हिंमत," वहिनी म्हणाली. "माझं अंगण म्हणजे हिला उकिरडा."

मी फावडं घेतलं आणि आलेलं सगळं पलीकडे परत पाठवलं. तिने टाकायचं, मी परत करायचं, असं दोन वर्षं चाललं. खोटं कशाला बोलू, मला त्या कामाची गोडी लागली होती. तिच्या चादरी कोणत्या दिवशी वाळत असतात ते मला पाठ झालं होतं.

या मार्चमध्ये पोलवोनचे डोळे सुजले. पापण्या चिकटल्या. चोच वाढून पोपटासारखी खाली वळली. पाठ अंगठ्याने दाबली तर दबायची, आणि मागचे पाय तो नुसते ओढत चालायचा. एका सकाळी, मी फावडं आणायला गेले तेवढ्यात, तो भिंतीवरून पडलेल्या ढिगापर्यंत सरपटत गेला आणि त्याने एक पान तोंडात धरलं. वहिनी धावली. बोट घालून तिने ते पान त्याच्या तोंडातून ओढून काढलं.

"हमरो, हे बघ, निळा डाग. द्राक्षांवर मारते ते औषध. विष घालतेय ती याला!"

मला डाग दिसला नाही. तरी मी म्हटलं, "हो, आहे खरा."

त्या दिवसापासून वहिनीने ठरवलं, कुम्रीला सोडायचं नाही. आणि संधी घरी चालत आली. एप्रिलमध्ये आपाच्या मुलीचं, नसीबाचं, लग्न ठरत आलं. आमच्यात दोन्हीकडची वडीलधारी माणसं नान मोडतात तेव्हा सोयरीक पक्की होते. तो नान चांगल्या घरचा, ओळखीच्या हातचा लागतो. आपाचा नवरा नोरबोय टोपी हातात घेऊन आमच्या दारात उभा राहिला.

"ओयसारा, तुमच्या बायकांचं जे काय असेल ते असेल. पण मोडायचा नान परक्या हातचा आणला तर लोक काय म्हणतील?"

"अहो, परक्या हातचा कशाला?" वहिनी इतकं गोड बोलली की मी दचकले. "दोन नान ना? देते की. आठ पाकळ्यांचे."

त्या दिवशी तिने मला तंदूर पांढरा होईपर्यंत तापवायला लावला. पीठ तीन बोटं जाड ठेवलं. वरून अंडं फासलं, तीळ पेरले. ठसा नुसता टेकवला, खिळे आत जाऊच दिले नाहीत. कड गुलाबी झाली तशी म्हणाली, "काढ."

"वहिनी, आत कच्चे राहतील."

"तिला आतलं फार कळतं ना? कळू दे."

आम्हाला बोलावणं होतं, आम्ही गेलो. नवे रुमाल बांधून गेलो. नवऱ्या मुलाच्या आजोबांनी बिस्मिल्ला म्हणून नान धरला आणि मोडला. मोडला कसला! दोन हातांच्या मध्ये पिठाची लांब तार लोंबायला लागली. नोरबोयने घाईघाईने दुसरा मोडला, त्याचीही तीच गत. मग मुलाची आजी म्हणाली, "हा काही मोडला नाही, हा ताणला गेला. घाई नको. पानगळीत बघू." त्यांच्या बायकांनी आपापल्या रुमालांच्या गाठी सारख्या केल्या आणि उठल्या. नसीबा आत पळाली. मी रुमालात तोंड खुपसून हसत होते. पळताना नसीबाचा चेहरा दिसला तेव्हा हसू जरा अडकलं, पण जराच.

कुम्री आपाने चारही अर्धे फडक्यात बांधले, वहिनीकडे एकदा बघितलं आणि आत गेली. त्या दिवशी वहिनी दोन वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवली. भिंतीवरून तण पडायचं मात्र बंद झालं.

पंधरा-वीस दिवसांत पोलवोनने दुधातल्या नानाकडेही तोंड फिरवलं. वहिनीने एशमुरोद डॉक्टरला बोलावलं. तो मेंढ्यांचा डॉक्टर, पण आमच्या भागात ज्याला चार पाय त्याचा तोच. तिला औषध हवं होतं आणि त्याहून जास्त कागद हवा होता, विष घातलं असं लिहिलेला, महल्ल्याच्या बैठकीत आपटायला.

डॉक्टरने पोलवोनला उलटासुलटा करून बघितलं, पाठ दाबली, पापणी उचलली.

"खातो काय हा?"

"घरात जे सगळ्यात चांगलं ते. दुधातला नान, साखर."

"आणखी?"

"कधी मोरंब्याचा पाक."

"किती दिवस?"

"दोन वर्षं. एक वेळ उपाशी ठेवला नाही. लिहा ना, कोणतं विष आहे ते."

"विष आहे खरं, ओयसारा आपा. रोज दोन वेळा घातलंय. तुम्ही."

वहिनीने लाटणं उचललं. "माझा नान विष?"

"मारायचं तर मग मारा, आधी ऐका. तुमचा नान मीसुद्धा खातो, पण मी माणूस आहे. याला पाला लागतो. पाल्यातून याच्या हाडाला, पाठीला, डोळ्याला मिळायचं ते मिळतं. ऊन लागतं. थंडीत मातीखाली झोप लागते. तुम्ही याला अंधारात जागा ठेवून पीठ भरवलंत. पाठ मऊ नाही होणार तर काय होईल?"

लाटणं हळूहळू खाली आलं. डॉक्टरने चोच घासून बारीक केली, डोळ्यांत घालायचे थेंब दिले. रोज कोमट पाण्यात बसवा, सकाळच्या उन्हात ठेवा, अंड्याची टरफलं कुटून पाल्यावर भुरभुरा, आणि नानाचा कणही नको.

"पण आधी त्याने खायला पाहिजे," दारातून तो म्हणाला. "आठवड्यात तोंड लावलं नाही, तर मला उगाच बोलावू नका. पूर्वी कुठला पाला खायचा हा?"

मी भिंतीकडे बघितलं, आणि बघायला नको होतं असं वाटलं.

मे महिना लागला होता. डोंगरावरचं गवत वाळून गेलं होतं. मी कालव्याकाठी फिरले, बाजारातून कोथिंबीर आणली, कोबी आणला. वहिनी त्याला मांडीवर घेऊन एकेक पान नाकाशी धरायची. तो तोंड आत घ्यायचा. पाण्यात बसवलं, थेंब घातले, उन्हात ठेवलं. उन्हात ठेवला की पुढच्या दोन पायांवर अंग ओढत ओढत तो एकाच ठिकाणी जायचा. भिंतीपाशी. बुजवलेल्या भोकाला डोकं लावून बसायचा. मी वाकून बघितलं, तर तिथली लिंपलेली माती दोन बोटं खोल खरवडलेली होती. पावसाने गेली असेल असं आम्ही समजत होतो. नुरोतात पाऊस पडतो तरी कितीसा!

"वहिनी," मी म्हटलं, "त्या तणात निळं काही नव्हतं."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

चार दिवस असे गेले. पाचव्या सकाळी तिने पीठही मळलं नाही. तंदुरातून नान काढायचा लोखंडी आकडा घेतला, भिंतीपाशी गुडघ्यांवर बसली आणि भोकावर घाव घालायला लागली. विटा निघाल्या. पलीकडून आधी चपला दिसल्या, मग घागऱ्याचा घेर, मग खाली वाकलेलं कुम्री आपाचं तोंड.

"आता भिंत फोडून चोरी करणार?"

"पोलवोन मरतोय," वहिनी म्हणाली. "त्याला तुझ्याकडचा पाला पाहिजे."

"आत्ता पाहिजे? दोन वर्षं रोज टाकत होते ना? ही तुझी भवानी फावड्याने माझ्या चादरींवर परत पाठवत होती."

"ते त्याच्यासाठी होतं?"

"अर्धं त्याच्यासाठी. अर्धं तुला झाडायला लागावं म्हणून."

"सांगायचं तरी!"

"कुणाला? विटांना?"

आपा उठून गेली. मला वाटलं, संपलं. पण ती परत आली आणि भोकातून तिने फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी आत सरकवलं. नसीबाच्या नानाचा अर्धा भाग होता तो. वर चार पाकळ्या. महिनाभरात वाळून वीट झालेला, मधला कच्चा भाग करडा पडलेला.

"नान टाकता येत नाही," आपा म्हणाली. "म्हणून ठेवलेत. माझी पोर महिनाभर भिंतीकडे तोंड करून झोपलीय. आधी हा खायचा. सगळा. मग दे तुझा दगड इकडे."

"वहिनी, चहात भिजवून तरी..." मी म्हटलं.

"कोरडा," पलीकडून आवाज आला.

आणि वहिनीने खाल्ला. तिथेच, मातीत बसून, एका हाताने पोलवोनला पोटाशी धरून. बाजूच्या दातांनी तुकडा तोडायची, चावायची, डोळे मिटून गिळायची. हिरडीतून रक्त आलं ते तिने रुमालाच्या टोकाने पुसलं. मला आपाचा गळा धरावासा वाटत होता. पण पोलवोनला ज्याच्यावर जगायचं होतं ते तिच्या अंगणात होतं. शेवटी वहिनीने मांडीवर सांडलेले कणसुद्धा वेचून तोंडात टाकले.

"कसा होता?" आपाने विचारलं.

"मधोमध कच्चा."

"आणि चाळिसाव्याचा?"

वहिनीने तोंडातला शेवटचा कण गिळला.

"तोही कच्चाच होता. तंदूर तापलाच नव्हता त्या दिवशी. हात लावला तेव्हाच मला कळलं होतं. पण आता कुणाला काय बोलायचं म्हणून तसेच लावले गं, आपा."

दोन वर्षांत तिने पहिल्यांदा आपा म्हटलं. पण माझे कान तिथे नव्हतेच. आमच्या घरात तंदूर मी पेटवते. त्या दिवशी लाकडं ओली होती, धूर होत होता, आणि मी मनात म्हटलं होतं, चालेल, कोण बघतंय. जिला कोण कधी काय बोललं ते सगळं पाठ आहे, तिने दोन वर्षांत हे मला एका शब्दाने ऐकवलं नव्हतं. माझ्या वाट्याचा अपमान तिने आपल्या ठशावर घेतला होता, आणि तिच्या वतीने सूड म्हणून मी रोज फावडं चालवत होते.

आपा विरघळली वगैरे नाही. तिने हात घालून पोलवोनला पलीकडे ओढून घेतलं. आम्ही दोघी भोकाला डोळे लावून बसलो. जर्दाळूखाली तो बराच वेळ नुसता पडून राहिला. मग मान बाहेर आली. डोळे मिटलेलेच, नाक मात्र जमिनीशी. चाचपडत त्याने एका पिवळ्या फुलाच्या झुडपाचं पान धरलं, ओढलं, आणि ते तोडल्याचा आवाज आम्हाला इकडे ऐकू आला. वहिनी रडायला लागली.

"अजून तीन आहेत," आपा म्हणाली. "उद्या ये. आणि पानगळीत नसीबाचे नान तूच करायचे. आधी एक सगळ्यांसमोर मोडून दाखवायचा."

दुसऱ्या दिवशी वहिनीने दुसरा अर्धा खाल्ला, तिसऱ्या दिवशी तिसरा. पलीकडे आपा पाल्यावर टरफलांची पूड भुरभुरत होती, शिव्या देत. तिसऱ्या दिवशी पोलवोनचा एक डोळा उघडला. पाठीवरची वाकडी वाढ आता सरळ होणार नाही, असं डॉक्टर म्हणाला, पण तो जगेल.

चौथा अर्धा घेऊन आपा आली तेव्हा वहिनीने हात पुढे केला. आपाने तो दिला नाही. तिने भोकातून माझ्याकडे बघितलं.

"हा फावडेवालीचा."

"तिला कशाला, आपा?" वहिनी म्हणाली. "भोक मी बुजवलं, नान मी दिले. तिचा काय दोष? दे इकडे."

मी तिच्या हाताआधी हात घातला आणि नान घेतला. तीन बोटं जाड होता. सगळा खाल्ला, कोरडा. मधोमध कच्चा होता, आणि तंदूर मी पेटवला होता, दोन्ही वेळेला.